पन्नास सेंटिमीटरवरून

मराठी भाषेने एक खोडी करून ठेवली आहे. रस्त्यावरचे खड्डे ज्याने भरतात त्याला ती मुरूम म्हणते आणि चेहऱ्यावर खड्डे ज्याच्यामुळे पडतात त्यालाही मुरूमच म्हणते. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीत मुरमाचा ट्रक रिकामा झाला, की लोकांना चिखल आठवतो; मला माझं सोळावं वर्ष आठवतं. बांधकाम खात्याला जो तारतो, त्याने मला असा भर तारुण्यात दगा का द्यावा, हे कोडं काही सुटलं नाही. ही नुसती शब्दाची गंमत आहे, असंच मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत समजत होतो. मग भाचीबरोबर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे जाण्याचा योग आला, तिथल्या दरपत्रकावर 'रोलर' आणि 'फिलर' हे शब्द वाचले, आणि भाषेला सगळं आपल्या आधीच ठाऊक असतं याची खात्री पटली.

देशात रंगीत टीव्ही आला १९८२ साली. त्याच वर्षी माझ्या गालांवरही रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. त्या दिवसांत घरात माझ्या चेहऱ्याइतकं सार्वजनिक दुसरं काही नव्हतं. ओट्यावरच्या माठासारखं; येणारा-जाणारा झाकण उघडून बघून जाई. आईचा विश्वास मसुराच्या पिठावर, आत्याचा मुलतानी मातीवर. शेजारच्या काकांनी माझं तूप बंद करवलं, त्यांच्या मेहुण्यांनी शेंगदाणे. आंब्याच्या दिवसांत तर माझ्या ताटाकडे सगळी आळी पहारेकऱ्यासारखी बघायची. आजी न बोलता सहाणेवर जायफळ उगाळायची आणि अनामिकेने एकेका मुरमावर टिकली लावायची. देवघरातले सगळे देव संपल्यावर उरलेलं गंध माझ्या वाट्याला आल्यासारखी. आणि या सगळ्यांचं एका मुद्द्यावर एकमत होतं : लग्न झालं की जातील. मुरूम तितके थांबले नाहीत. विसाव्या-बाविसाव्या वर्षीच गेले. पण जुना भाडेकरू जातो तसे गेले. जागा सोडली, भिंतीत खिळ्यांची भोकं तेवढी ठेवली. त्यातली काही भोकं माझ्याच नखांनी मोठी केली होती, हेही कबूल करायला हवं. 'हात लावू नकोस' हे वाक्य मी त्या वयात जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

आमच्या गावच्या वैद्यबुवांनी मात्र मला औषधाच्या पुडीबरोबर एक उपमा दिली होती. सुश्रुताने तारुण्यपीटिकांना शाल्मलीच्या काट्यांसारखं म्हटलं आहे, असं त्यांनी सांगितलं. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. त्यांच्या अंगणाबाहेर एक जुनं झाड होतं, फाल्गुनात पान न् पान झडून नुसतं लाल फुलांनी पेटलेलं. कोवळ्या सावरीचं खोड बघावं तर बोट टेकवायला जागा नसते, इतके शंकूसारखे काटे. पण झाडाचं वय वाढत जातं तसे ते झिजतात, गळतात, आणि म्हाताऱ्या सावरीच्या खोडाला निवांत पाठ टेकून बसता येतं. वैद्यबुवा तसेच बसायचे. काटे गेल्यावर त्या जागी खळगे राहतात का, हे विचारायचं माझं राहून गेलं. सोळाव्या वर्षी माणसाला काट्यांचीच घाई असते.

भाची पंचवीस वर्षांची. हिंजवडीला नोकरी करते. मुरमांची वंशावळ आमच्या घरात मामाकडून भाचीकडे उतरली असावी, कारण ताईचा चेहरा अजूनही लोण्यासारखा आहे. करोनाच्या काळात सगळं जग मास्कच्या नावाने बोटं मोडत होतं, तेव्हा ही मुलगी घरात गाणी गुणगुणत फिरायची. फार उशिरा मला कळलं, की ती दोन वर्षं तिच्या आयुष्यातली सर्वांत निर्धास्त वर्षं होती. पुढे मास्क उतरले आणि तिचं गुणगुणणं थांबलं. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर चेहरा आपोआप गुळगुळीत करणारं एक बटण असतं म्हणे. ते दाबल्याशिवाय ती कॅमेरा सुरू करत नसे. एक दिवस तिने जाहीर केलं, की आपण स्वतःच्या पगारातून उपचार घेणार. ताई म्हणाली, "बरं झालं, लग्नाआधी होऊन जाऊ दे." त्यावर भाची जे बोलली त्याचा सारांश इतकाच, की हा चेहरा लग्नाच्या मालकीचा नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, तू चल माझ्याबरोबर. तुझ्या गालावरही आहेत, तुला कळेल." खड्ड्यांच्या बाबतीत का होईना, घरात माझी ज्येष्ठता मान्य झाली.

दवाखान्यातली प्रतीक्षेची खोली बघण्यासारखी होती. जो तो बरी असलेली बाजू लोकांकडे आणि दुसरी भिंतीकडे करून बसलेला. जुन्या नाण्यांवरच्या राजांची सभा भरल्यासारखी. समोरच्या टेबलावर दरपत्रक होतं, उडप्याच्या हॉटेलातल्या मेनूकार्डासारखं चकचकीत, प्लास्टिकमध्ये घातलेलं. केमिकल पील, मायक्रोनीडलिंग, डर्मारोलर, सबसिजन, पीआरपी, फ्रॅक्शनल लेझर, फिलर. एकेका बैठकीचा दर, चार बैठका एकदम घेतल्या तर वेगळा. मला उगीच लोणार आठवलं. अंतराळातून येऊन एका उल्केने बुलढाणा जिल्ह्यात पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पाडला, त्याला २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दुरून लोक तो बघायला येतात. आमच्या खड्ड्यांना फक्त दरपत्रक.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांच्यात घाई नावाची गोष्ट नव्हती. त्यांनी आधी डाग आणि खड्डा यांची फारकत केली. डाग हा रंगाचा मामला. काळ आणि सावली मिळाली की फिका पडतो. खड्डा हा बांधणीचा मामला, तो आपोआप भरत नाही. मग खड्ड्यांच्या जाती सांगितल्या. एक बर्फ फोडायच्या टोच्याने पाडल्यासारखा, तोंडाशी दोन मिलिमीटरहून अरुंद पण खोल. दुसरा खोक्यासारखा, उभ्या कडांचा. तिसरा चार-पाच मिलिमीटर रुंद, लाटेसारखा उतरता. मला मिलिमीटर कळत नाहीत, मी मनातल्या मनात ते धान्यात मोजत गेलो : मोहरी, तूर, जोंधळा. तिसऱ्या जातीत म्हणे कातडीखाली चिवट धागे तयार होतात आणि ते वरच्या थराला आत ओढून धरतात. "गादीला टाके घालतात ना, तसं," बाई म्हणाल्या, "टाक्याच्या जागी गादी दबते. सबसिजन म्हणजे सुई आत नेऊन तो टाका कापायचा." टोच्याच्या खड्ड्यात लाकडी टूथपिकने तीव्र आम्लाचा थेंब सोडतात. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त यंत्रात गरगर फिरवून, घुसळलेल्या ताकातून लोणी काढावं तसा त्यातला पिवळसर अंश काढायचा आणि आपल्याच गालात घालायचा. आणि रोलरच्या बारीक सुया चेहऱ्याला शेकडो नव्या जखमा करतात, म्हणजे त्या भरायच्या निमित्ताने कातडी जुन्या जागीही नवं कोलॅजन घालते. नीट चाललेला रस्ता पुन्हा उकरायचा, म्हणजे मग कामाला माणसं येतात. हे तत्त्व पुणेकराला समजावून सांगावं लागत नाही.

"लेझर?" भाचीने विचारलं. दरपत्रकावर सर्वांत महाग तोच होता, त्यामुळे सर्वांत गुणकारीही असणार, असा तिचा सरळ हिशेब. बाई म्हणाल्या, "करता येतो, पण सांभाळून. आपली सावळी कातडी फार लक्षात ठेवते. जरा जास्त उष्णता झाली, की तिथे काळा डाग धरून बसते." डूख धरते, मी मनात म्हटलं. मग त्यांनी योजना सांगितली. आधी नवे मुरूम येणं थांबवायचं, कारण छप्पर गळत असताना भिंतींना रंग देण्यात अर्थ नाही. मग ओढलेल्या जागांचे टाके कापायचे, मोहरीएवढ्यांवर थेंब, आणि बाकी चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सुयांच्या बैठका. रोज न चुकता सनस्क्रीन. फरक दिसायला काही महिने लागतील. "आणि एक आत्ताच सांगते," त्या म्हणाल्या, "कमी होतील. पुसले जाणार नाहीत. पूर्ण पुसून देतो म्हणणारा कुणी भेटला तर पैसे देऊ नकोस." दरपत्रकावर न छापलेलं हे एकच वाक्य, आणि तेच मला तिथलं सर्वांत मोलाचं वाटलं. सुश्रुताने व्रणांवर साठ उपक्रम सांगितले आहेत. खोल गेलेल्या व्रणाला वर आणण्याला त्याने 'उत्सादन' असं भारदस्त नाव दिलं आहे, आणि बऱ्या झालेल्या व्रणाचा रंग भोवतालच्या कातडीशी जुळवण्याचीही सोय केली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी गाल पुढे करून विचारत असणार : वैद्यराज, हे जाईल ना?

निघता निघता बाईंनी माझाही गाल दोन बोटांनी ताणून पाहिला. "काका, तुमचे ग्रेड तीन." या खड्ड्यांनाही शाळेसारख्या चार इयत्ता असतात. पहिलीत नुसता रंग. दुसरीतले खड्डे पन्नास सेंटिमीटरवरून नजरेत भरत नाहीत. मेकअपने, किंवा पुरुष असेल तर दाढीच्या खुंटांच्या सावलीने झाकले जातात. तिसरीतले पन्नास सेंटिमीटरवरून दिसतात, पण कातडी ताणली की सपाट होतात. चौथीतले ताणूनही जात नाहीत. मला प्रौढ वयात तिसरी उत्तीर्ण झाल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मी अडकलो होतो त्या पन्नास सेंटिमीटरमध्ये. त्याला सामाजिक अंतर म्हणतात, असं बाई म्हणाल्या. करोनात हेच अंतर दोन गज होतं; खड्ड्यांच्या शास्त्रात ते दीड फुटाच्या आसपास आलं.

घरी आल्यावर मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. जेवणाच्या टेबलावर मी आणि सौ. यांच्यात नव्वद सेंटिमीटर भरले. बँकेत काच असते. रिक्षावाला आपल्याला पाहतो ते आरशातून, तेही भाडं सांगण्यापुरतं. बसमध्ये माणूस वीतभरावर असतो, पण त्याची नजर स्वतःच्या फोनमध्ये. पन्नास सेंटिमीटरच्या आत येऊन माझ्या चेहऱ्याकडे पाहणारी माणसं मी बोटांवर मोजली. दाताचे डॉक्टर, पण ते तोंडात बघतात. आमचा न्हावी, ज्याला गेल्या तीस वर्षांत माझ्या गालांची सगळी वळणं घाटातल्या एसटी ड्रायव्हरसारखी पाठ झाली आहेत. कुठे वस्तरा हळू घ्यायचा हे त्याच्या हाताला कळतं. आणि घरची दोन-तीन माणसं, ज्यांनी खड्डे कधीच मोजून सोडून दिलेत. उरला आरसा. त्याच्यासमोर मी टिचभर अंतरावर उभा राहतो. इतक्या जवळ येऊन इतक्या परकेपणाने बघणारं दुसरं कुणी मला माहीत नाही.

या हिशेबात एक नाव मागाहून आठवलं. माझी आजी. सहाणेवर जायफळ उगाळणारी तीच. सातव्या वर्षी तिला देवी आल्या होत्या. मुंबईत १८०२ साली एका तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती भारतातली पहिली. तिथून साताऱ्यापलीकडच्या आजीच्या खेड्यात पोचायला त्या लशीला शंभर वर्षंही पुरली नाहीत. माझ्या दंडावर देवी टोचल्याच्या दोन गोल खुणा आहेत, सरकारी शिक्क्यासारख्या. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यातला. आजीचा शिक्का मात्र साऱ्या चेहऱ्यावर उमटलेला होता. मला त्यात काही वावगं वाटत नसे. मोठ्या माणसांचे चेहरे असेच असतात, वापरून वापरून तसे होत असावेत, पाट्यासारखे, अशी माझी समजूत. दुपारी ती सोप्यात आडवी झाली, की मी कणगीतून जोंधळ्याचे दाणे आणायचो आणि तिच्या गालावरच्या खळग्यांत एकेक ठेवून बघायचो. काही बसायचे, काही घरंगळायचे. सात दाणे बसले तो माझा विक्रम. ती जागी असायची की नाही, कोण जाणे. श्वास मात्र अगदी सांभाळून घ्यायची.

आजोबांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट बाजूला झाल्यावर. अंतरपाट दूर झाला, की वधू-वरांमध्ये साधारण पन्नास सेंटिमीटरच उरतात, हे मला आता लक्षात येतं. "मग काय दिसलं?" असं आम्ही पोरं आजोबांना विचारायचो. ते दरवेळी तेच सांगायचे, की नेमक्या त्याच वेळी डोळ्यांत अक्षता गेल्या. पन्नास वर्षं त्या अक्षता काही त्यांच्या डोळ्यांतून निघाल्या नाहीत.

आजीचा एकच फोटो आहे. साताऱ्याच्या एका स्टुडिओत काढलेला. त्या काळचे फोटोग्राफर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून चेहरे नितळ करायचे. म्हणजे मुरूम टाकून रस्ता करायचाच प्रकार, फक्त शिशाने. त्या भल्या माणसाने आजीचा गाल असा काही सपाट केला, की फोटो घरी आला तेव्हा ही पाहुणी कोण, असं माझ्या धाकट्या काकाने विचारलं. आम्ही खूप हसलो. आजही भिंतीवर चंदनाचा हार घातलेली ती गुळगुळीत बाई आमच्याकडे बघते, आणि मी मनातल्या मनात दाणे कुठे ठेवायचे ते शोधत राहतो.

भाचीच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी मी हे सगळं तिला सांगितलं. सुयांच्या आधी चेहरा बधिर करणारं मलम लावतात आणि तासभर तसंच बसवून ठेवतात. श्रीखंड थापल्यासारखा पांढरा चेहरा करून, डोळे मिटून ती खुर्चीत टेकली होती, आणि मी त्या नियमातल्या अंतरावर स्टूल ओढून बसलो होतो. जोंधळ्याचा भाग आला तशी ती हसली आणि मलमाला भेगा पडल्या. गोष्ट संपताना माझा आवाज थोडा ओला झाला होता आणि त्यातून एक बोधही ठिबकायच्या बेतात होता, की बघ, खड्ड्यांमुळे काही अडत नाही वगैरे. तिने डोळे न उघडता विचारलं, "मामा, पणजीला कुणी विचारलं होतं का, तिला काय वाटतं ते? दाणे ठेवायची मजा तुझी होती. गाल तिचा होता."

मी गप्प बसलो. आणि मग त्या फोटोचा उरलेला भाग आठवला, जो मी इतकी वर्षं हशाखाली पुरून टाकला होता. आम्ही सगळे हसून पांगल्यावर आजीने फोटो मांडीवर घेतला होता. पदराने काच पुसली होती. पुसण्याजोगं तिच्यावर काही नव्हतं. बराच वेळ बघत राहिली आणि जवळ कुणी नाही असं समजून म्हणाली, "बरी दिसले असते की मी." मी दाराआड होतो, मुठीत जोंधळे घेऊन. त्या दुपारी मी ते तसेच कणगीत टाकून दिले.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. हात पुढे करून माझा हात तेवढा धरला. मग नर्सने बोलावलं आणि ती आत गेली.

डॉक्टरबाईंनी मलाही विचारलं होतं, "काका, तुमचंही करू या?" मी फक्त सनस्क्रीन घेतलं. त्यात काही तत्त्व नाही; माझी भीड माझ्या गालांशी चेपली आहे इतकंच. पंचविसाव्या वर्षी कुणी ते दरपत्रक पुढे केलं असतं, तर मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मागवलं असतं.

आता भाचीच्या तीन बैठका झाल्या. टाके कापलेल्या जागा वर आल्या आहेत. पन्नास सेंटिमीटरवरून पुष्कळ कमी दिसतं. जवळून आहे, पण जवळ येणाऱ्यांचं काही म्हणणं नाही. ते बटण न दाबताच ती कॅमेरा सुरू करते, आणि परवा स्वयंपाकघरात गुणगुणताना ऐकली. गेल्या रविवारी जेवायला आली होती. मी दुपारचा दिवाणावर आडवा झालो. कसलीशी चाहूल लागली, पण डोळे उघडायचे नाहीत एवढं कळलं, आणि श्वास आपोआप सांभाळून घेतला गेला. शेवटी नाक खाजलं आणि गालावरून काहीतरी घरंगळत उशीवर पडलं. भाची शेजारी मांडी घालून बसली होती, मामीच्या मिसळणाच्या डब्यातली एक वाटी आणि मूठभर जोंधळे घेऊन.

"जोंधळा नाही बसत, मामा," ती म्हणाली. "मोहरी बसते. नऊ बसल्या."